असा उभा राहिला तर पडेल: माणूस काढायला शिकताना

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढायला सुरुवात झाली की मी माझ्या रविवारच्या मुलांना घेऊन वाळूत बसतो. दोन बाजूंना दोन दोर, प्रत्येक दोराला माणसांची रांग आणि समुद्रात अर्धगोल टाकलेलं जाळं हळूहळू काठाकडे सरकतंय. माणूस काढायला शिकायचं असेल तर याहून चांगला वर्ग मला माहीत नाही.

मागच्या हंगामात दहावीतल्या एका मुलीने दोर ओढणारा माणूस काढला. चेहरा हुबेहूब, बनियनच्या चुण्या नीट, दोराचा पीळसुद्धा दिसत होता. मी शेडिंगबद्दल काही सांगणार इतक्यात मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या रापणकराने वाकून वहीत पाहिलं आणि म्हणाला, "असो उभो रवलो तर पडतलो." मुलगी गोरीमोरी झाली. पण आजोबांनी तिला नावं ठेवली नव्हती. ते दोन पावलं मागे सरले, हातात दोर आहे असं धरून अंग मागे टाकलं, टाचा वाळूत रुतवल्या आणि म्हणाले, "दोर सुटलो तर मी आडवो."

मुलीने काढलेला माणूस ताठ उभा होता. दोर त्याच्या हातात होता, पण तो ओढत नव्हता.

मानवाकृती म्हणजे काय, ती का चुकते आणि दुसऱ्याने दाखवलेल्या चुकीचा उपयोग कसा करायचा, हे त्या दोन मिनिटांत जसं दिसलं तसं मला पूर्वी कधी सांगता आलं नव्हतं. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माणूसच का चुकतो?

आंब्याची फांदी दोन बोटं इकडची तिकडे गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही. हात दोन बोटं लांब झाला तर चौथीतलं पोरही सांगतं. जन्मल्यापासून आपण माणसंच बघत आलोय, त्यामुळे बघणारा म्हणून आपली नजर फार तयार असते. काढायला बसलो की मात्र तीच ओळख आड येते. समोरचा हात न बघता आपण मनात ठरलेला 'हात' काढतो: पाच बोटं, एक पंजा, एक दंडगोल. डोळा म्हटलं की बदाम, नाक म्हटलं की दोन टिंबं.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. बाजार असो, जत्रा असो, पाणवठा असो, तीच एक पाठ केलेली बाई आणि तोच एक पाठ केलेला पुरुष सगळीकडे उभा असतो आणि जमत नाहीत ते पंजे टोपलीमागे लपवलेले असतात. मी त्या मुलांना दोष देत नाही. परीक्षेआधी खऱ्या माणसासमोर त्यांना कुणी बसवलेलंच नसतं. 'स्मरण' करायला आधी काही साठवलेलं लागतं.

आधी तोल

नवी मुलं चेहऱ्यापासून सुरुवात करतात. मी त्यांना आधी तोल बघायला लावतो.

शरीराचं सगळं वजन एका बिंदूत साठलंय असं धरलं, तर सरळ उभ्या माणसाचा तो बिंदू बेंबीच्या थोडा खाली, ओटीपोटात येतो. तिथून सरळ खाली एक रेघ सोडा. ती दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडली तर माणूस उभा राहतो. बाहेर गेली तर तो पडतो, किंवा त्याला कशाचा तरी आधार असावा लागतो. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तेच हे काम. दोऱ्याला खडा बांधून डोळ्यासमोर धरला तरी पुरतं.

पोटातला बिंदू बाहेरून दिसत नाही, म्हणून समोरून पाहताना गळ्याखालचा खळगा धरायचा. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर खळग्यातून सोडलेला ओळंबा पावलांच्या मधोमध येतो. एका पायावर भार असेल तर तो त्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. चित्रात हा ओळंबा पावलापासून लांब पडत असेल तर खाली कितीही सुंदर सावली घाला, माणूस कलंडलेलाच दिसणार.

दुसरी खूण कमरेची. भार ज्या पायावर आहे त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि मोकळ्या पायाचा गुडघा सैल सुटतो. वरचं अंग मग तोल राखायला उलट वळतं आणि भाराच्या बाजूचा खांदा खाली येतो. म्हणजे खांद्यांची रेघ एकीकडे तिरकी, कमरेची दुसरीकडे. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या कुणाकडेही बघा. पहिली दोन मिनिटं तो दोन पायांवर उभा असतो, मग एका पायावर येतो आणि या दोन रेघा लगेच तिरक्या होतात. आपल्या मूर्तिकारांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. पंढरीचा विठोबा समचरण, दोन्ही पायांवर सारखा भार, म्हणून खांदा आणि कंबर समांतर. बासरी वाजवणाऱ्या कृष्णाच्या अंगाला तीन बाक, त्याला त्रिभंग म्हणतात. दोन्ही मूर्ती डोळ्यांसमोर आणल्या तर पुस्तकातल्या आकृतीची गरज लागत नाही.

आता यात ओझं घाला, कारण आपल्या किनाऱ्यावर रिकाम्या हाताचा माणूस कमीच दिसतो. एका हातात भरलेली बादली असेल तर अंग दुसऱ्या बाजूला झुकतं आणि मोकळा हात बाहेर फाकतो. कळशी कमरेवर घेतली की कंबर त्या बाजूला बाहेर येते आणि वरचं धड दुसरीकडे कलतं. डोक्यावर मासळीची पाटी असेल तर तिचं वजनही ओळंब्यात यायला हवं, म्हणून मान आणि पाठ सरळ होते आणि चालताना सगळी हालचाल कमरेखाली उतरते. पाटी घेऊन जाणाऱ्या बाईची मान पुढे वाकवलेली काढली तर ती पाटी पुढच्या पावलाला पडेल.

रापण ओढणाऱ्याचं गणित याहून वेगळं. त्याचा ओळंबा पावलांच्या मागे, मोकळ्या वाळूवर पडतो. नियमाने तो पडायला हवा, पण दोर त्याला पुढे खेचतोय. मागे पडणारं अंग आणि पुढे ओढणारा दोर यांची बरोबरी झाली म्हणून तो उभा आहे. म्हणजे दोर हा त्या माणसाच्या शरीराचाच भाग धरायला हवा. दोर सैल काढला तर माणूस पडतो, आणि दोर ताठ पण अंग सरळ काढलं तर माणूस नाटक करतोय असं वाटतं. आजोबांना हे ओळंब्याच्या भाषेत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या पाठीला ते माहीत होतं.

प्रमाण, थोडक्यात

प्रमाणावर लोक फार वेळ घालवतात. मला ते तोलानंतरचं काम वाटतं, म्हणून गरजेपुरतंच सांगतो.

मोजायचं एकक म्हणजे डोकं, टाळूपासून हनुवटीपर्यंत. मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो. चित्रकार भारदस्त दिसावा म्हणून 8 डोक्यांचा काढतात. तान्हं बाळ साधारण 4 डोक्यांचं, पाच-सहा वर्षांचं मूल 6 च्या आत-बाहेर. लहान मूल म्हणजे आखूड केलेला मोठा माणूस नव्हे, हे स्मरणचित्रात हमखास विसरलं जातं. जुन्या मूर्तिशास्त्रात चेहऱ्याच्या लांबीला ताल म्हणत आणि एक ताल 12 अंगुळांचा धरत, त्या हिशोबाने नवताल मूर्ती 108 अंगुळांची होते. म्हणजे शरीराच्याच एका भागाने शरीर मोजायची रीत आपल्याकडे नवी नाही.

आणखी तीन मापं लक्षात ठेवली तरी बरंच निभावतं. उभ्या माणसाचा मध्य कमरेवर नसतो, जांघेजवळ असतो. पंजा पसरला तर हनुवटीपासून कपाळापर्यंत पोचतो. पाऊल कोपरापासून मनगटाएवढं लांब असतं. हे तिसरं माप कुणालाच खरं वाटत नाही, सगळे खाली बसून स्वतःचं पाऊल हाताशी लावून बघतात. आपण पावलं लहान काढतो म्हणून आपली माणसं जमिनीवर टेकत नाहीत.

पेन्सिलीने मोजताना हात कोपरात सरळ ताणलेला आणि एक डोळा मिटलेला हवा. कोपर वाकला की माप बदलतं. आणि समोरचा माणूस दोर धरून तुमच्याकडे हात करत असेल, तर वरची सगळी मापं बाजूला ठेवा. तिथे हात आखूडच दिसणार. अशा वेळी हात मोजू नका, हात आणि छाती यांच्या मधल्या मोकळ्या जागेचा आकार बघून तोच काढा. त्या जागेला नाव नसतं, म्हणून तिच्याबद्दल मनात काही ठरलेलं नसतं आणि डोळा प्रामाणिक राहतो.

सराव कुठे आणि कसा

शहरातल्या कला महाविद्यालयात समोर मॉडेल बसतं. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून आहे, तिथे पिढ्या या पद्धतीने तयार झाल्या. गावात ती सोय नाही म्हणून हळहळत बसण्याचं कारण नाही. आपल्याकडे दिवसभर एकाच हालचालीत असलेली माणसं आहेत आणि हालचाल पुन्हा पुन्हा येते हेच आपलं भांडवल.

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव लागतो तेव्हा एकही माणूस दहा सेकंद स्थिर नसतो. पण पाटी उचलणारी बाई दहा मिनिटांत तीच पाटी चार वेळा उचलते. एका पानावर पाच-सहा अर्धी चित्रं उघडी ठेवायची. ती वाकली की वाकलेल्या चित्रावर चार रेघा, उभी राहिली की उभ्या चित्रावर. अर्ध्या तासात पानावरची दोन-तीन चित्रं उभी राहतात. रापणीतही तसंच, दोर ओढत मागे मागे गेलेला माणूस पुन्हा पुढे येऊन दोर धरतो आणि तुमचं अर्धं राहिलेलं चित्र तुमच्याकडे परत येतं.

सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची वीस चित्रं करा. अर्ध्या मिनिटात फक्त डोक्यापासून भाराच्या पायापर्यंत जाणारी एक लांब रेघ, खांद्याची आणि कमरेची तिरकी रेघ एवढंच होतं, आणि तेवढंच व्हायला हवं. मग दोन मिनिटांची आठ-दहा. शेवटी एकच वीस मिनिटांचं. शेवटच्या चित्राला पावसाळ्यात जाळी दुरुस्त करणारे खलाशी शोधा. मासेमारी बंद असते, ते पडवीत किंवा होडीच्या सावलीत बसतात, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणतात आणि तासभर जागचे हलत नाहीत. वाकलेली पाठ, पसरलेला पाय, अंगठ्यापासून हातापर्यंत ताणलेलं जाळं. मला तरी बसलेल्या माणसाची यापेक्षा चांगली बैठक दिसलेली नाही.

रेवदंडा-अलिबागकडे राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर अलिबागजवळच्या सासवणे गावचे, जन्म 1891 चा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिलं आणि त्यांना जे. जे.मध्ये जायला मदत केली. पुण्यातला 1928 चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्यात त्यांच्या राहत्या घरी त्यांची शिल्पं मांडलेली आहेत. शिल्प हे न हलणारं, न कंटाळणारं मॉडेल असतं. एकाच शिल्पाभोवती फिरून चार बाजूंनी चार चित्रं काढली, तर समोरून सपाट वाटलेला खांदा मागून किती जाड आहे ते कळतं आणि पुढच्या वेळी जिवंत माणसाच्या खांद्याला तुम्ही ती जाडी देता.

कागद महाग घेऊ नका. पाठकोरे कागद पॅडला लावून 4बी किंवा 6बी पेन्सिल पुरते. भारी वही घेतली की पान वाया जाईल या भीतीने हात आखडतो. आणि माणूस काढण्याआधी विचारा. "काकी, तुम्ही मासे कापताय ते काढू का?" एवढं विचारलं की बहुतेक जणी हो म्हणतात. नाही म्हणाल्या तर वही फिरवायची. चित्र झालं की दाखवायचं, कारण पुढचा भाग तिथूनच सुरू होतो.

चूक सांगणं आणि ऐकणं

सराव चूकही पक्की करतो. लहान पावलं काढणारा मुलगा शंभर चित्रांनंतर सफाईने लहान पावलं काढतो. स्वतःची ठरलेली चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून दुसरा डोळा लागतो.

मी लहान असताना एक शिक्षक माझ्या चित्रावर स्वतः रबर फिरवून हात नीट करून देत. चित्र छान होई. हात मला पुढे कित्येक वर्षं जमला नाही, कारण काय चुकलं होतं ते त्या रबराबरोबर पुसून गेलेलं असे. म्हणून मी आता मुलांच्या चित्राला हात लावत नाही. वर बटर पेपर ठेवतो आणि त्यावर ओळंबा, खांद्याची रेघ, कमरेची रेघ ओढतो. खालचं चित्र मुलाचंच राहतं, आणि दोन्हींतला फरक त्याला बघता येतो.

"छान" म्हटल्याने काही कळत नाही. "जमलं नाही" म्हटल्यानेही नाही. उपयोगी टीका अशी असते की ती समोरच्या माणसाकडे बघून ताडून पाहता येते. "हा जिवंत वाटत नाही" हे ताडता येत नाही. "गळ्याच्या खळग्यातून खाली ये, तुझी रेघ डाव्या पावलाच्या चार बोटं बाहेर जाते, समोर ती घोट्यावर येतेय" हे ताडता येतं. पटलं नाही तर मुलगा पेन्सिल धरून मोजेल, आणि कधी कधी मीच चुकलेला निघतो. तेही चालतं, त्याचं मोजून तर झालं.

क्रम महत्त्वाचा. तोल चुकला असेल तर बोटांबद्दल बोलू नये. आधी तोल, मग प्रमाण, मग खांदा-कोपर-गुडघा जिथल्या तिथे आहेत का, मग कपड्याच्या चुण्या, सावली सगळ्यात शेवटी. चुण्या मुलांना फार आवडतात, पण त्या ताणाच्या जागेवरून निघतात, गुडघ्यावरून, कमरेवरून, कोपरावरून. काष्ट्याच्या लुगड्यात बसलेल्या कोळणीच्या चुण्या गुडघ्याकडे धावताना स्पष्ट दिसतात. गुडघाच चुकीच्या जागी असेल तर चुण्या कुठे नेणार? आणि एका चित्राला एकच सूचना. पाच चुका सांगितल्या तर मूल पाचही विसरतं, वर त्या दिवशी घरी जाऊन वही कपाटावर टाकतं.

ऐकणाऱ्याचंही एक काम आहे. लगेच कारण सांगायचं नाही. "तो हलला", "ऊन डोळ्यावर होतं" हे खरं असेलही, पण चित्रात ऊन दिसत नाही. सूचना चित्राच्या मागे तारीख घालून लिहायची आणि तोच माणूस, तीच हालचाल पुन्हा काढायची. नवा विषय घेतला तर सूचना लागू पडली की नाही हे कळत नाही. मी मुलांच्या वह्या चाळतो तेव्हा चित्राच्या आधी मागची बाजू बघतो. तिथे लिहिलेलं पुढच्या पानावर उतरलं असेल तर ते मूल शिकतंय.

इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती नवख्यांना फार उपयोगी पडते. न शिकलेला माणूस चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा बरोबर सांगतो, पण का आहे ते चुकीचं सांगतो. आई म्हणते, "हात बारीक वाटतोय." हात बारीक नसतो, खांदा एक बोट आत सरकलेला असतो. शेजारची मावशी म्हणते, "मान लांब झाली." मान बरोबर असते, खांदे पडलेले असतात. म्हणून त्यांनी बोट ठेवलेल्या जागेवर विश्वास ठेवा आणि कारण स्वतः मोजून काढा. ते काम स्वतः करणाऱ्या माणसाचं मात्र कारणही ऐका. जाळं विणणारा जाळ्याचा ताण, नाव ढकलणारा खांद्याचा जोर आणि भात लावणारी बाई कमरेतून वाकणं ओळखते. चित्रकाराला खांद्याची हाडं त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक असतील, पण त्या खांद्यावर किती भार येतो हे त्यांनाच विचारावं लागतं.

जवळ कुणीच नसेल तर चित्र आरशात बघा, किंवा फोनवर फोटो काढून डावं-उजवं उलटं करा. डोळ्याला सवय झालेला कल उलट बाजूला गेला की झटकन दिसतो. चित्र एक रात्र पालथं ठेवून सकाळी बघितलं तरी थोडंफार तसंच होतं.

त्या मुलीने चित्राच्या मागे लिहिलं, "अंग मागे. दोर ताठ." पुढच्या रविवारी चेहरा, बनियन, चुण्या काही न काढता तिने एका पानावर सात माणसं काढली, प्रत्येकाला अंगाची एक लांब रेघ, दोराची एक रेघ आणि त्या दोन्हींना पेलणारे पाय. पहिली तीन अजून ताठ होती. चौथ्यापासून माणसं मागे रेलली, आणि सातव्याचा दोर बोटाने झाकला तर तो खरोखर पाठीवर पडेल असं वाटत होतं. आजोबा रांगेतून बाहेर पडून पाणी प्यायला आले तेव्हा ती उठून स्वतः वही घेऊन गेली. त्यांनी सातव्यावर बोट ठेवलं, मान हलवली आणि मग बोट खाली नेलं.

"ह्येचे पाय रुतले खंय?"

तिने सगळ्यांची पावलं वाळूवर ठेवली होती. किनाऱ्यावर दोर धरलेल्या माणसांच्या टाचा घोट्यापर्यंत आत गेल्या होत्या. तिने पान उलटलं, मागे तारीख घातली आणि आठवा काढायला पुन्हा वाळूत बसली.